पुढच्या खोलीतली पाहुणी

कोरियातल्या ग्यंगपो गावाच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला तळं. मधल्या पट्टीवर पाइनची झाडं आणि त्या झाडांत बुनॉकचं सासर. लग्न होऊन आली त्याच उन्हाळ्यात सासूने तिची गादी उचलून परसातल्या खोपटात नेऊन टाकली. तिथे एरवी माकुल मासे वाळत असत. शाळांना सुट्टी लागली की सगळं गाव हेच करी: घर सोलच्या पाहुण्यांना भाड्याने, घरचे खोपटात. तळ्याकडे खिडकी असलेली पुढची खोली सगळ्यांत आधी जायची. बुनॉकने ती खोली जन्मभर पुसली, विहिरीत गार केलेलं कलिंगड कापून तिथे नेऊन ठेवलं. उन्हाळ्यात त्या खिडकीशी एकदा नुसतं बसावं, असं तिला फार वाटे. बसणार कधी? हाका येत.

नवरा गेला, घर पुतण्याने घेतलं, ती मुलीकडे सोलला आली. सत्तरी झाली तेव्हा मुलीने, हेसुकने, विचारलं, आई, जेजू बेटावर जायचं की जपानला? बुनॉक म्हणाली, आपल्याच घरी. पण पाहुणी म्हणून, पुढच्या खोलीत.

जावयाच्या नावावर खोली घेतली गेली. त्यामुळे दारात हेसुकबरोबर बुनॉक दिसताच पुतण्याची बायको सनहुई आधी हरखली आणि मग बोलतच सुटली. आपल्या माणसाकडून पैसे घेऊ? लोक तोंडात शेण घालतील. बॅग तिने केव्हाच परसाकडे वळवली होती. खोपट आता पक्कं बांधलंय, आम्ही सगळे तिथेच आहोत, एकत्र जेवू. शिवाय एक सोलचं कुटुंब पुढच्या खोलीसाठी अडून बसलंय.

"तुम्ही काय काकू, घरच्याच."

"घरची होते तेव्हा खूप झोपले खोपटात," बुनॉक म्हणाली. "आज मी घरची नाही. बॅग आण इकडे."

"काकू, म्हातारपणी फारच शिष्ट झालात."

"झाले. उशीही जरा जाड दे."

सनहुईने उशी आणली, पण आदळून.

दुपारभर बुनॉक खिडकीशी बसून राहिली. तळ्यावर वारा फिरत होता, बगळे उथळ पाण्यात उभे होते. मागून सनहुईची पोरं खिदळली आणि आईने त्यांना दटावलं, पाहुणे झोपलेत. बुनॉकला आपली तिघं आठवली: एकमेकांच्या अंगावर पाय टाकून पडलेली, केसांना माकुलाचा वास, तोंडावर हात दाबून हसणारी. हेसुक हळूच म्हणाली, "जायचं का मागे?"

कुणाला वाटेल, म्हातारी उठली असेल. छे. तिने डोळे पुसले आणि पाय लांब केले.

सकाळी उन्हं भिंतीवर चढेपर्यंत ती झोपली. सनहुई समुद्राच्या पाण्यावर केलेलं मऊ टोफू छोट्या चौरंगावर मांडून घेऊन आली. चौरंग घ्यायला बुनॉकचे हात पुढे गेले. तिने हात मागे घेऊन मांडीवर ठेवले, आणि सनहुईला तो समोर ठेवू दिला.