आधी राइटलाइन, मग रीडलाइन

माझा जन्म पन्नासच्या दशकातला, पोंभुर्ण्याकडच्या एका तळ्यावर मासे धरणाऱ्या घरातला. चाळिशी आली तेव्हा मी गणित शिकवत होते. शाळेत संगणक हा विषय सुरू झाला आणि तो माझ्याकडे आला. संगणक मात्र आला नाही. म्हणून दर रविवारी पहिल्या बसनं मी चंद्रपूरला एका क्लासात पास्कल ही संगणकाची भाषा शिकायला जाऊ लागले.

पहिला प्रोग्राम दोन संख्यांच्या बेरजेचा. मी संख्या घ्यायला रीडलाइनच्या दोन ओळी लिहिल्या, बेरीज केली, उत्तर दाखवायला राइटलाइन लिहिलं आणि प्रोग्राम चालवला. काळ्या पडद्यावर एक बारीक रेघ लुकलुकत राहिली. बऱ्याच वेळानं मी शिकवणाऱ्या सरांना म्हटलं, "मशीन बंद पडली जी."

"बंद नाई पडली, बाई. तुमची वाट पाहून राह्यली. रीडलाइन म्हणजे तुम्ही अंक टाकेपर्यंत ते थांबते."

"मंग मले तसं सांगत काऊन नाई?"

"तुम्ही तिले सांगायले लावलंच नाई. आधी राइटलाइननं 'अंक टाका' असं लिहा, मग रीडलाइन."

मागे बसलेली कॉलेजची मुलं हसली. माझे कान तापले. जाताना सर हळूच म्हणाले, "बाई, या वयात जड जाते. शाळेले दुसरं कोणी पाठवाले सांगा."

"पुढच्या रविवारी मीच येतो," मी म्हटलं.

आठवडाभर वहीत तोच प्रोग्राम लिहीत राहिले, ओळ संपली की अर्धविराम देत. नुसतं राइट लिहिलं तर उत्तर प्रश्नाच्याच ओळीत टाकता येतं, राइटलाइननं ते खालच्या ओळीत जातं, हेही मला वहीतच उमगलं.

शाळेत मी एका मुलीला मशीन केलं. फळ्यावर लिहिलेलं असेल तेवढंच तिनं बोलायचं. दुसरीनं फळ्यावर थेट रीडलाइन लिहिलं. मशीन गप्प उभी राहिली, वर्ग हसला.

"हसायचं नाही," मी म्हटलं. "ती बोलेल अशी ओळच आपण लिहिली नाही."

दुसरीनं न सांगता खडू उचलला आणि वर एक ओळ घातली.

वर्षाच्या शेवटी त्या मुलींना घेऊन मी परीक्षेला चंद्रपूरला गेले. खरा कीबोर्ड त्यांनी तिथंच पहिल्यांदा पाहिला. मी व्हरांड्यात उभी होते. सगळ्यात शेवटी बाहेर आलेली मुलगी घामाघूम झाली होती.

"बाई, अर्धविराम कुठी आहे तेच दिसून नाई राह्यलं होतं," ती म्हणाली. "पण बेरीज आली."