दोन डाव्या बाह्या

मास्तरांनी शिवलेला कोट उलटा करून घातला तरी चालेल, इतकी त्यांची शिवण आतूनही देखणी असायची. पण त्या दुकानात एक उफराटी रीत होती. शिवायचे मास्तर, आणि कापड बेतायची त्यांची बायको. सगळी गल्ली तिला कात्रीबाई म्हणायची. नवं गिऱ्हाईक विचारायचं, "मास्तर, कापायला ह्या का?" मास्तर चष्मा पुसत म्हणायचे, "तिचा हात चांगला आहे."

हात मास्तरांचाही चांगलाच होता. कच खायचं ते मन. चुकलेली शिवण उसवता येते, चुकून कापलेलं कापड मात्र कायमचं गेलं. कात्री उचलली की त्यांच्या तळव्यांना घाम फुटायचा. दार जरा जोरात वाजलं तरी छातीत धस्स व्हायचं. रस्ता ओलांडताना बायकोच्या पिशवीचा एक बंद ते घट्ट धरून ठेवायचे. लोक म्हणायचे, या वयातही काय प्रेम आहे बघा! प्रेम होतंच, पण बंद धरलेला असायचा तो भीतीने.

"माझं काळीजच उंदराचं," असं म्हणून मास्तरांनी तो विषय कधीच मिटवून टाकला होता.

लहानपणी ते असे नव्हते. पाण्याच्या टाकीवर सगळ्यांत आधी चढायचं ते यांनीच. मग पंधरा-सोळाव्या वर्षी चार टवाळ दोस्त भेटले. शनिवार आला की गोदामामागे बसायचं आणि बाटली तोंडाला लावायची. चवीशी कुणाला देणंघेणं नव्हतं. आधी कोण आडवा होतो, एवढीच पैज. पुढे लग्न ठरलं तेव्हा कात्रीबाई म्हणाली, "एक तर ती, नाही तर मी." मास्तरांनी दारू सोडली ती सोडलीच. पण जाताना दारू घरातलं काय उचलून घेऊन गेली, ते त्यांना कळलंच नाही.

एक दिवस त्यांची भाची, बहिणीची मुलगी, दुकानात आली. ती मेंदूवर संशोधन करायची. बगलेत निळसर लोकरी कापड होतं.

"मामा, मोठमोठ्या लोकांसमोर उभं राहून बोलायचंय. कोट हवाय. आणि बेतायचा तू."

"तुझी मामी बेतेल."

"मामी म्हणते, तिचा खांदा दुखतोय."

कात्रीबाईने लगेच खांदा धरला. जरा चुकीचाच धरला, पण ते कुणी बोललं नाही.

"अगं, मला नाही जमायचं. माझं काळीज उंदराचं."

"उंदीर मी रोज बघते, मामा. ते काही जन्मतः भित्रे नसतात." भाची स्टुलावर बसली. "कोवळ्या वयातल्या उंदरांना आम्ही थांबून थांबून भरपूर दारू देतो. मग बंद करतो. मोठे झाल्यावर बघतो, तर ते भिंतीला चिकटून चालतात. मोकळ्या जागेत यायला बिचकतात."

मास्तरांचा पाय मशीनवरच थांबला. "दारू बंद केल्यावरसुद्धा?"

"हो. पेशीत एक लांबच लांब धागा असतो, बारीक रिळांवर गुंडाळलेला. मेंदूने काय काय करायचं ते त्यावर लिहिलेलं. जिथे तो सैल असतो तिथलं वाचलं जातं, आवळला की तिथलं वाचायचं राहून जातं. त्या वयात मेंदूची शिलाई चालूच असते, आणि नेमकी तेव्हाच दारू काही रिळं आवळून टाकते."

मास्तरांनी मशीनखालचं धाग्याचं छोटं रीळ बोटाने फिरवून बघितलं. "म्हणजे बॉबीन घट्ट झाली. धागा तुटलेला नाही."

"तुटलेला नाही."

"आणि सैल करता येते?"

"उंदरांमध्ये थोडंफार जमलंय. माणसाचं अजून सांगता येत नाही. आणि तुझ्या डोक्यात मी काही डोकावलेली नाही, मामा."

"म्हणजे माझा दोष नाही म्हणतेस?"

"प्यायलास तो तूच. पण भीती वाटते म्हणून तू भित्रा, एवढं मी मानणार नाही."

मास्तरांनी मनाचा हिय्या केला. कापड पसरलं, खडूने आखलं आणि कात्री चालवली. पाठ बेतली, पुढचे दोन्ही भाग बेतले. वळणं अशी उतरली, की कात्रीबाई दुखरा खांदा विसरून टेबलावर वाकली. मास्तर गुणगुणायला लागले. त्याच तंद्रीत त्यांनी कागदी साचा न उलटताच दोन्ही बाह्या कापल्या.

उचलून बघतात, तर दोन्ही डाव्या.

मास्तरांच्या कपाळावर घाम जमला. त्यांनी कात्री टेबलाच्या कडेला सरकवली.

भाची हळूच म्हणाली, "बोलताना मी उजवा हात खिशातच ठेवीन."

पहिल्यांदा हसू फुटलं ते मास्तरांनाच. "अगं, बाही नसेल तर हात कशातून घालशील?" मग घसा खाकरून ते म्हणाले, "कापड उरलंय का?"

कात्रीबाईने कपाटातून एक घडी काढून समोर ठेवली. "जास्तीचं आणायला मीच सांगितलं होतं हिला."

"म्हणजे मी चुकणार हे तुला ठाऊक होतं!"

"ते ठाऊक होतं," ती म्हणाली. "कात्री पुन्हा उचलाल की नाही, ते नव्हतं."

मास्तरांनी तळवे विजारीला पुसले. भीती गेली नव्हती, शेजारी उभी होती. त्यांनी साचा उलटा केला, दोनदा तपासला, आणि तिच्या देखतच कात्री उचलली.

कोट छान बसला. जास्तीची डावी बाही अजून दुकानात खुंटीला आहे. कुणी विचारलं, की मास्तर मान ताठ करून सांगतात, "ती मी बेतलीय."