बाबांच्या कानाला जुळलेला अँप्लिफायर

मला गर्व आहे असं लोक म्हणतात. आहेच. सत्तरच्या दशकात कर्जतच्या बाजारात आमचं लाउडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान होतं, आणि तेव्हा तालुक्यात दुसरी कुठली बाई सोल्डरिंग आयर्न हातात घेऊन बसत असेल तर ती माझ्या तरी पाहण्यात नाही. आमचे हे लग्नाला, पूजेला, निवडणुकीला भोंगे बांधायला जायचे, कधी खालापूरच्या बाजूला, कधी पार कळंबपर्यंत. मागे बिघडलेले सेट माझ्यापुढे पडलेले. आधी मी ते नुसते पुसून ठेवायची. मग उघडून बघू लागले. मग ते चालायला लागले, आणि एक दिवस यांना म्हणावं लागलं, "तुला कळतं बरं का त्यातलं." ते 'बरं का' मला अजून खटकतं.

पण माझा खरा गर्व भोंग्यांचा नाही. तो आहे एका हेडफोनचा, आणि त्याला जुळेल असा अँप्लिफायर मी माझ्या हाताने बांधला त्याचा.

माझं माहेर कशेळ्याच्या पुढे, भाताचं गाव. बाबा शेती करायचे आणि गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. पखवाजाच्या उजव्या तोंडाला कायमची काळी शाई असते, डाव्याला मात्र दर वेळी वाजवण्याआधी मळलेल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, म्हणजे आवाज खोल होतो. वाजवून झालं की ती कणीक खरवडून गाईला घालायची. आमच्या घरी कणीक मळायचं काम लहानपणापासून माझं. किती सैल, किती घट्ट, हे बाबा बोट लावून सांगायचे, आणि मनासारखी झाली की म्हणायचे, "आता कसं!" एवढी शाबासकी मला पुरायची.

पुढे बाबांचे कान गेले. एकदम नाही, वरच्या पट्टीपासून गेले. ढग गडगडले तर कळायचं, बैलाचं पाऊल कळायचं, पण चमचा खाली पडलेला कळायचा नाही. माणसांशी बोलताना फार पंचाईत व्हायची. "आवाज येतोय गं," ते म्हणायचे, "शब्द येत नाय." मग लोक ओरडायचे. ओरडल्यावर आवाज आणखी मोठा व्हायचा आणि शब्द तेवढेच अंधुक राहायचे. ओरडून ओरडून माणसं दमतात. हळूहळू बाबांशी कोणी बोलेनासं झालं. पारावर ते बसायचे, शेजारी गप्पा चालायच्या, आणि ते मान हलवायचे. नको तिथे मान हलवायचे. ते बघून मला गावाचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर बाबांचाही यायचा.

पखवाज मात्र सोडला नव्हता. डाव्या हाताची धुम त्यांना ऐकू यायची, उजव्याचं ते अंदाजाने भागवायचे. पण एका वर्षी सप्ताहात, शेवटच्या काल्याच्या कीर्तनात, महाराजांनी गजराची लय वाढवली. टाळकरी त्यांच्याबरोबर गेले. बाबा मागेच राहिले, आपल्याच धुमेवर खूश, डोळे मिटून. महाराजांनी हात वर करून गजर थांबवला. शांतता झाली हेसुद्धा बाबांना थोडं उशिरा कळलं. डोळे उघडून त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, आणि भर कीर्तनात, देवासमोर, नखांनी पखवाजाची कणीक खरवडून काढली. सप्ताहाचे भोंगे आमचेच होते, मी त्यांच्या अँप्लिफायरपाशी बसले होते. त्या दिवशी मी रडले नाही, कारण सगळं गाव बघत होतं.

त्यानंतर पखवाज खुंटीला लागला. मंडळ चालवायचे बाबांचे धाकटे चुलतभाऊ, माझे काका. त्यांनी पुढच्या सप्ताहासाठी मुरबाडकडचा एक पखवाजी ठरवून टाकला. बाबांना तेही कोणी नीट सांगितलं नाही.

अशात माझा भाऊ आखातातून सुट्टीवर आला. त्याने स्वतःसाठी जर्मन बनावटीचे हेडफोन आणले होते. काय ती चीज! कानांवर मऊ गाद्या, हलकी पोलादी पट्टी, वायरसुद्धा देखणी. पण त्याच्या टेपरेकॉर्डरला जोडले की आवाज असा यायचा की शेजारच्या आळीत कोणीतरी गुणगुणतंय. "फसवला मला दुकानदारानं," म्हणाला, आणि माझ्या टेबलावर टाकून दिले. "ठेव तुझ्या भंगारात."

मी बाबांना दुकानात बोलावून ते त्यांच्या कानाला लावून पाहायचं ठरवलं. त्या टेपरेकॉर्डरवर बाबांना काहीच ऐकू येईना. यांना लगेच स्फुरण चढलं. आमच्या धंद्यात एकच शहाणपण: आवाज कमी पडला, वॅट वाढवा. "पन्नास वॅटचा अँप्लिफायर हाय आपल्याकडं," हे म्हणाले, "अख्खं गाव ऐकतं, मामांचे दोन कान काय घेऊन बसलीस?" आणि यांनी सरळ भोंग्यांच्या लाईनलाच हेडफोन जोडला. माझ्या वडिलांच्या डोक्याचं या माणसाने भोंगा टांगायचं झाड केलं! मी नको म्हणेपर्यंत बटण फिरलं होतं. बाबांनी हेडफोन असे उपटून फेकले की बरं झालं ते गादीवर पडले. "मारतोस का रं मला?" ते जावयाला म्हणाले. जावयाला अरेतुरे ते एरवी कधी करत नसत. हे गुपचूप बाहेर जाऊन भोंगे पुसत बसले.

त्या दिवशी माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. बाबांना आवाज मोठा नको होता, नीट हवा होता. आणि हेडफोनलाही तेच हवं होतं.

पट्टीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं होतं: दोन हजार ओहम. ओहम म्हणजे विजेला होणारी अडवणूक. आमच्या भोंग्यांवर असतात आठ, नाहीतर सोळा. भिवपुरीच्या पॉवरहाउसचे घाटातून उतरणारे नळ आमच्या भागात सगळ्यांनी पाहिलेले; पाण्याला जोर येतो तो उंचीचा. या हेडफोनला पाणी थोडंच हवं होतं, पण उंचावरून आलेलं हवं होतं. भावाचा टेपरेकॉर्डर म्हणजे भरलेला हौद, त्याला उंचीच नव्हती. आणि यांनी जोडलं तेव्हा अख्खा घाट बाबांच्या कानात कोसळला. मला मधला काहीतरी मार्ग काढायचा होता, आणि तो बाजारात तयार मिळणारा नव्हता.

एक जुना वॉल्व्हचा रेडिओ मोडीत पडला होता. त्यातला आवाज वाढवणारा भाग मी वेगळा काढला. पहिल्या जोडणीत त्याचा ट्रान्सफॉर्मर जळाला, धूर निघाला, आणि यांना बोलायला तोंड मिळालं. पण का जळाला ते मी शोधून काढलं. वॉल्व्हच्या अँप्लिफायरला बाहेर ओढायला काहीतरी ओझं लागतं. बिनओझ्याचा चालवला तर तो स्वतःलाच जाळून घेतो. आणि दोन हजार ओहमचा हेडफोन त्याच्या लेखी काहीच ओझं नाही. मग मी दुसरा ट्रान्सफॉर्मर बसवला, त्याच्या सोळा ओहमच्या टोकाला जाड तारेचा रेझिस्टन्स बांधला, ओझं त्याच्यावर टाकलं, आणि हेडफोन शेजारून अलगद जोडून घेतला. पुढे एक चांगला माइक लावला. कानाला लावून मी स्वतः ऐकलं तर माझ्याच बांगड्यांचा आवाज असा आला की मी दचकून मागे पाहिलं.

पेटी माहेरी नेली आणि हेडफोन बाबांना लावले. शेजारून मागून आणलेला टाळ मी माइकसमोर वाजवला. ते कान देऊन बसले.

"काय येतंय?" मी विचारलं.

"तुझा आवाज येतोय. बोललीस ते बी कळलं," ते म्हणाले. मला वाटलं, जिंकले मी. तर म्हणाले, "पर टाळ बोथट हाय गं. गोणपाटात गुंडाळल्यावानी."

मी पुन्हा उघडला. जुन्या रेडिओत आवाज गोड लागावा म्हणून वरची धार मारणारा एक कंडेन्सर घातलेला असतो. दिवाणखान्यात बसून बातम्या ऐकणाऱ्याला तो बरा. माझ्या बाबांची गेलेली होती ती नेमकी वरचीच धार. मी पक्कड घेतली आणि तो गोडवा कापून टाकला.

पुन्हा टाळ वाजवला. बाबांनी मान वर केली. "हा आपला टाळ नाय," ते म्हणाले. "आपला कांशाचा. ह्यो पितळेचा हाय." आणि मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "कणीक मळ."

खुंटीवरून पखवाज उतरला. मी कणीक मळली, त्यांनी बोट लावलं, थापली. उजव्या हाताचे बोल पडू लागले, तसे ते मध्येच थांबून तीच बोटं पुन्हा टाकत होते, पुन्हा ऐकत होते. मी परातीत उरलेली कणीक उगाचच पुन्हा मळत बसले.

आता प्रश्न सप्ताहाचा होता. काका म्हणाले, "देवाच्या दारात डोक्याला यंत्र लावून बसणार? आन परत चुकला तर? एकदा झालं ते बस नाय का?" मी म्हणाले, "काका, चुकले तर मी माझे भोंगे उतरवून घरी जाईन, परत या गावात बांधणार नाही." भोंगे फुकट बांधत होते मी माहेरी, म्हणजे धमकीत दम होता. शेवटी असं ठरलं, काल्याला बाबांनी बसायचं, पण मुरबाडचा पखवाजी स्वतःचा पखवाज कणीक लावून शेजारी तयार ठेवणार. बाबांची लय सुटली की तो उचलणार.

हेडफोनची पट्टी टोपीवर बसेना, आणि उघड्या डोक्याने देवासमोर बसायला बाबा तयार होईनात. त्यांनीच तोड काढली. पट्टी डोक्याला लावली आणि वरून फेटा बांधला. कानांवर दोन काळ्या गाद्या आणि वर पांढराशुभ्र फेटा! बायका पदराआड हसल्या. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की पदर खाली आले.

कीर्तन सुरू झालं. माझा छोटा अँप्लिफायर बाबांच्या मांडीशेजारी, त्याचा माइक महाराजांकडे तोंड करून बांधलेला, आणि मी त्याच्या मागे. अभंग गेला, निरूपण गेलं. मुरबाडच्या पखवाजीचा हात सारखा त्याच्या पखवाजावर. मग गजर आला. महाराजांनी लय वाढवली, मागच्या वर्षीसारखीच. आणि मला वाटतं, मुद्दाम थोडी जास्तच. टाळकरी गेले. आणि बाबा टाळकऱ्यांबरोबर गेले नाहीत. ते त्यांच्या आधी पोचले. महाराजांचा शब्द सुटला की तोंड मिटायच्या आत बाबांचा हात पडत होता. महाराजांनी आणखी वाढवली, बाबा हसले, आणि तिथून पुढे कोण कोणाला नेतंय तेच कळेना. शेजारच्या पखवाजीने आपला हात काढून घेतला आणि मांडीवर ताल धरला. भल्या माणसाने शेवटी स्वतःची कणीक स्वतःच खरवडली आणि बाबांच्या पाया पडला. माझे बाबा! मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि समोर माइकही होता, पण मी बटणावरचा हात हलू दिला नाही.

काला वाटून झाला. महाप्रसादाची पंगत देवळामागच्या मळणीच्या खळ्यावर बसायची. मी हेडफोन काढायला गेले तर बाबांनी माझा हात धरला.

"राहू दे."

"बाबा, वायर तिथवर पोचणार नाही."

"मग मी हितंच जेवतो."

वाढपी थांबले. काकांनी खळ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं, आणि स्वतःची पत्रावळ आणून बाबांच्या समोर मांडली. मग टाळकरी आले. मग सगळं मंडळच आलं, आणि पंगत खळ्यावरून उठून देवळात, माझ्या त्या मोडक्या रेडिओच्या पोटातून काढलेल्या पेटीभोवती बसली. मी माइक मोकळा केला आणि तो हातोहात फिरायला लागला. वर्षानुवर्षं न बोललेली माणसं एकेक करून बोलत होती. एकाने भाताचं विचारलं, एकाने बैलाचं. कोणीतरी माझ्या आईची जुनी आठवण काढली, तर बाबा घास हातात तसाच धरून ऐकत राहिले. नको तिथे एकदाही मान हलली नाही.

माइक फिरत फिरत काकांकडे आला. काका गांगरले. इतक्या दिवसांची सवय, त्यांनी माइक तोंडाला लावून छाती भरून हाक घातली, "दादाऽऽ, भाजी वाढू काऽऽ?"

बाबांनी दोन्ही हात कानांकडे नेले, आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "अरं वरडतोस कशाला? मी काय बहिरा हाय?"