सात कॉलेजांचे सर

कुणालाच नको असलेल्या माहितीचा जगातला सर्वांत मोठा साठा जयपूरच्या आदर्श नगरात, आमच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर आहे. तो बाळगणारे सर मूळचे अमरावतीचे, गणिताचे निवृत्त प्राध्यापक. तरुणपणी दोन वर्षं ते अमेरिकेतल्या एका लहानशा कॉलेजात शिकले. तिथल्या सात कॉलेजांनी आपापसात अमेरिकन फुटबॉल खेळायला मंडळ काढलं होतं. मंडळ बंद पडून जमाना झाला. सरांच्या घरी मात्र हंगाम चालूच आहे. भाजीवाल्यालाही ते सांगतात, "भैया, उस साल ऐसा कीचड़ था, एक भी अंक नहीं बना." तो "अच्छा जी" म्हणून कोथिंबीर जास्त घालतो. माझ्या नवऱ्याने एकदा चुकून नियम विचारले, तर आमच्या वाट्या-चमच्यांचे दोन संघ झाले आणि जेवायला तीन वाजले. चेंडू पुरेसा पुढे सरकला का, हे मोजायला मैदानाकाठी दहा यार्डांची साखळी धरतात. तिचं एक टोक दोन वर्षं सरांच्या हातात होतं. "गणिताचा म्हणून मलाच दिली बाप्पा, खेळ कुठे समजत होता!"

या मंडळाचा इतिहास सर बारा वर्षं लिहीत होते. मग तिकडून, सरांच्या कॉलेजच्या संघाच्या जुन्या कप्तानाचं पत्र आलं: नजर जात चालली आहे, वाचता येतंय तोवर पाठव. त्या दिवशी मी कामांची यादी करून सरांच्या दाराला चिकटवली.

"सर, चौथं प्रकरण?"

"एका सामन्याला हवा कशी होती, तेवढं कळलं की झालं."

"हवा सोडून द्या."

"ताई, तुम्ही मीठ सोडून आमटी करता का?"

शेवटी हवेसकट चौथं प्रकरण संपलं. कागद जवळच्या सांगानेरचा हातकागद ठरला, मुखपृष्ठावर बगरू गावच्या छिप्यांचा लाकडी ठसा. सरांनी काढून दिलेल्या दोन्ही टोकांना निमुळत्या चेंडूची तिथल्या कारागिराने सुरेख कैरी केली. "साहब, आप डंडी भूल गए थे, हमने लगा दी." मी दुसरा ठसा करा म्हणत होते. सर बराच वेळ बघून म्हणाले, "राहू द्या. हा चेंडू तसाही वाकडाच उडतो." पुस्तकाच्या शेवटची नामसूची मी स्वतः केली, खेळाडू, पंच, गवत कापणारासुद्धा, आणि पहिली प्रत कप्तानाला रवाना झाली.

उत्तर आलं ते कप्तानाच्या मुलीच्या अक्षरात. शेवटची दोन प्रकरणं तिने वाचून दाखवली होती. "सगळे भेटले," त्याने सांगितलं होतं. "मफलर गुंडाळून साखळी धरणारा तू तेवढा कुठेच सापडला नाहीस."

"मी काय, खेळलो थोडाच?" सर चष्मा पुसत म्हणाले. मला माझीच लाज वाटली. गवत कापणारा सापडतो आणि हे सुटतात! उरलेल्या प्रतींच्या सूचीत मी पेनने त्यांचं नाव लिहिलं.

"इथं पानाचा आकडा पाहिजे, ताई," सर म्हणाले.

"तुम्ही पान लिहा, आकडा मी टाकते."

तासाभरात ते खाली आले. हातात चार ओळी, बारा वर्षांतलं सगळ्यांत झटपट प्रकरण. साखळी धरली त्या दिवशीची हवा त्यांना कुणाला विचारावी लागली नव्हती. थंडी फार होती, त्यांनी लिहिलं होतं. बोटं बधिर झाली होती, पण साखळी मी ढिली पडू दिली नाही.