जपानच्या सिनेमातून उठून आलो तेव्हा

जपानचा सिनेमा मी आयुष्यात एकच पाहिला. तोही अर्धाच म्हणा ना. एका रविवारी सकाळी महालाजवळच्या टॉकीजात मिलवाल्यांसाठी फुकट खेळ ठेवला होता, गोष्ट कामगाराची म्हणून. भाषा कोणालाच कळत नव्हती. माझ्या नवऱ्याला मी ओढूनच नेलं. हातमागावरचा कोष्टी माणूस, मिलमध्ये लागला आणि हळूहळू मुकाच होत गेला. आत काय सलतंय ते एकदा तरी सांगावं, एवढीच माझी आस.

पडद्यावर भट्टीवरचा एक कामगार. घरी येतो, बायको ताट वाढते, हा जेवत नाही. हात पुसतो. पुसलेले हात पुन्हा पुसतो. लोक हसायला लागले.

आमचे हे ताडकन उठले. "हसू नका गा! त्याचा धागा तुटला!"

"लोखंडाचं काम हाय त्याचं, धागा कुठचा?" मागून एकजण ओरडला. दुसरा म्हणे, "बस ना बाप्पा खाली! जपानी येते काय तुले?"

मी हात धरून यांना बाहेर आणलं. तिथं रिक्षावाल्यांच्या गलक्यात हे बोलायला लागले.

"मागावर धागा तुटला की आपण थांबतो न वं? बांधतो, मंग पुढं जातो. तिथं मिलात साच्यावर, म्हंजे मशिनीच्या मागावर, तुटला तर जॉबर मुकादम म्हणते, चालू दे, बाकीचे साचे पाहा. तुटलेलं तसंच पुढं जाते. मंग ते डोक्यात चालूच राह्यते. जेवताना बी."

मला बाई आनंदच झाला, खोटं कशाला सांगू. बोलला एकदाचा माणूस! "नका जाऊ जी उद्यापासून," मी म्हटलं, "आपला मागच बरा."

पण माग होता कुठं? मिलची नोकरी लागली तेव्हाच विकला होता. खाली पाय सोडायचा खड्डा, तोही बुजवून सारवून टाकलेला.

दुसऱ्या दिवशी यांनी फावड्यानं तो खड्डा उकरला आणि पाय सोडून बसले. समोर नुसती भिंत. हात मात्र चालू. नसलेल्या मागावर धोटा फेकायचा, थांबायचं, काहीतरी बांधायचं, पुन्हा फेकायचा.

सासूबाई दारात रडायला लागल्या. "काय करून राहिला रे बापा?"

"विणून राहिलो."

मी ताट तिथंच नेऊन दिलं. पोटभर जेवले.

मिलमध्ये ते परत गेले नाहीत. मी विड्या वळायला लागले. संध्याकाळी विचारायची, "झालं का जी आजचं?"

"थोडं राह्यलं वं," म्हणायचे.