द्रानेच्या चुलीवरचं झाकण

आमच्या शेजारची द्राने. नवरा झेफ वारल्यावर एकटीनं घर, बकऱ्या आणि मक्याचं रान सांभाळणारी बाई. ती दुःख मिरवत नसे. भाकरी मोडण्याआधी तिच्यावर क्रूस काढायची आणि कामाला लागायची. एकच गोष्ट तिला डाचत असे. तिचा दीर ग्येलोश म्हणायचा, "वहिनी, पुरुषमाणूस नसलेल्या घरानं पाहुणा घेऊ नये. काही कमीजास्त झालं तर नाव आपलं जातं." त्यामुळे तीन वर्षं तिच्या दारी पाहुणा आला नव्हता.

त्या दुपारी दक्षिणेकडचे सोतीर मास्तर बोलीतले शब्द गोळा करत गावात आले. द्रानेनं ग्येलोशच्या देखतच त्यांना आत बोलावलं आणि चुलीच्या उजव्या अंगाला, मानाच्या जागी बसवलं. मीही मदतीला होते.

मास्तरांनी विचारलं, "श्तपी, म्हणजे घर. या शब्दात तुमच्याकडे काय काय येतं?"

"भिंती. भिंतींतली माणसं. मेलेलीसुद्धा," द्राने म्हणाली.

"जाणकारांत वाद आहे, पण बरेच जण म्हणतात, हा शब्द जुन्या लॅटिनमधून आलाय. तिथं त्याचा अर्थ होता पाहुण्याची उतरायची जागा."

द्रानेनं दिराकडे बघितलं. "ऐकलंत भाऊजी?"

"लॅटिनवाल्यांना दीर नसतील," ग्येलोश म्हणाला.

ती चीज आणायला बाहेर गेली. घेवड्याचं कालवण उतू जायला लागलं, आणि मास्तरांनी चांगल्या मनानं मडक्यावरचं झाकण उचललं.

ग्येलोश ताडकन उठला. आमच्या डोंगरात परक्यानं चुलीवरचं झाकण उचललं की घराची अब्रू गेली. मास्तर झाकण हातात धरून तसेच उभे. मी मनात देवाचं नाव घेतलं.

द्राने दारात आली. तिनं आधी झाकण बघितलं, मग दिराचं तोंड.

"भाऊजी, पाहुण्यानं उचललं तर अब्रू जाते. आणि घरच्यानं उचललं तर?"

"घरच्यानं उचललं तर काय. भूक लागली असेल," तो नाइलाजानं म्हणाला.

"मग झालं." तिनं मास्तरांच्या हातात पळी दिली. "ढवळ रे सोतीर. खाली लागलं तर खरवडायचं तुलाच."

'तुम्ही'चं 'तू' झालेलं ऐकून मास्तर कानापर्यंत लाल झाले, पण ढवळत राहिले.

ग्येलोश चुलीजवळ आला. "घरचा ना? मग मानाच्या जागेवर कशाला?" असं म्हणून तो स्वतःच तिथं जाऊन बसला. "वाढ म्हणावं त्याला. आणि हात आखडू नको म्हणावं."

पुढच्या रविवारी प्रार्थना आटोपल्यावर वाटेत दोन परके मेंढपाळ भेटले. मुक्कामाला जागा विचारत होते. ग्येलोशनं त्यांना थेट द्रानेच्या अंगणात आणून हाक दिली, "वहिनी, पाहुणे घेता का?"

आतून उत्तर यायच्या आधी भांड्यांचा आवाज आला.