गवताच्या ट्रॅक्टरची सहा बेअरिंगं

धाकट्या भावाचं मंगल कार्यालय दिंडोरी रोडला आहे. कार्यालय म्हणजे एका टोकाला स्टेज, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर आणि मधे दीड एकर गवत. लोक या गवतासाठीच आपल्याकडे लग्न लावतात, असा भावाचा समज आहे आणि तो अगदीच खोटा नाही. फोटोत नवरा-नवरीच्या मागे जे हिरवं दिसतं, ते हेच. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून मी सकाळी तिथे जातो. काम काही नसतं. घरी बसवत नाही, एवढंच.

गवत कापायला तिथे एक जुना ट्रॅक्टर आहे. सातपूरकडची एक कंपनी बंद पडली, तेव्हा साहेबाच्या बंगल्यातल्या भंगारात तो भावाला मिळाला. अमेरिकन, लाल रंग उडालेला, रेडकाएवढा. पोटाखाली पत्र्याचा पसरट टोप टांगलेला आहे, त्यात तीन पाती गरगर फिरतात. तो चालवतात माळीबाबा. सुरगाण्याकडचे, साठीच्या पुढचे. त्यांचा उजवा गुडघा कामातून गेलाय. ढकलायचं मशीन त्यांना दहा पावलंसुद्धा नेता येत नाही. बसून चालवायचा हा ट्रॅक्टर आहे म्हणून त्यांची नोकरी आहे, हे त्यांना, मला आणि भावाला, तिघांनाही माहीत होतं. बोलत कोणीच नव्हतं.

दिवाळीनंतर ट्रॅक्टर ओरडायला लागला. सुरुवातीला पाट्यावर काच वाटल्यासारखा आवाज, मग रडका, मग शिट्टीसारखा. गवतही पट्ट्यापट्ट्यांनी कापलं जायचं, नवशिक्या न्हाव्याने केस कापावेत तसं. मी वाचत बसलो की तो आवाज ओळींच्या मधून यायचा. बंद झाला की वाटायचं, आता कायमचा बंद झाला.

तुळशीचं लग्न उरकलं आणि हंगाम सुरू झाला. येत्या रविवारी एका बड्या घरचं लग्न होतं. बडं म्हणजे पत्रिकेवर नावांपेक्षा पदं जास्त. मंगळवारी भाऊ गवतावरून एक फेरी मारून माझ्या खुर्चीपाशी आला.

"दादा, बस झालं आता. शनिवारी सकाळी एजन्सीवाला येतोय. त्याचं मशीन, त्याचा माणूस. हे धूड भंगारात."

"आणि माळीबाबा?"

"त्यांना आता गावाकडे आराम करू दे. मी त्यांचा छान सत्कार करीन ना. शाल, श्रीफळ, सगळं."

माझ्या भावाला कोणतीही गोष्ट शालीशिवाय संपल्यासारखी वाटत नाही. माळीबाबा पंधरा पावलांवर पाइप धरून उभे होते. पाणी बराच वेळ एकाच जागी पडत होतं.

"शनिवारपर्यंत मी चालू करून देतो," मी म्हणालो. का म्हणालो, ते मला तेव्हाही नीट कळलं नाही.

"तू? तुला स्कूटरचा प्लग काढता आला नव्हता."

"काढला होता."

"हो. तोडून."

यंत्राचं माझं ज्ञान पुस्तकी आहे. ग्रंथालयात ज्या कपाटाकडे कोणी फिरकत नसे, ते मी तीस वर्षांत वाचून काढलं. त्यात दुरुस्तीची पुस्तकं होती. ज्ञान म्हणून ते वाईट नाही. हाताला मात्र त्याची खबर नसते.

बुधवारी सकाळी माळीबाबा आणि मी, आम्ही दोघांनी तो टोप खाली उतरवला आणि पालथा केला. मी एक पातं धरून हलवलं. सैल दातासारखं हललं. प्रत्येक पात्याचा दांडा, म्हणजे शाफ्ट, वर-खाली दोन बेअरिंगांत फिरतो. अशी तीन पात्यांची सहा. पहिलं बाहेर आलं ते अखंड आलंच नाही. कडं निघालं, गोळ्या गवतात सांडल्या आणि ग्रीसऐवजी गंजाचा चिखल बाहेर आला. त्या चिखलात पिवळं काहीतरी होतं. बाबांनी बोटाने घेऊन हुंगलं.

"हळद हाय," ते म्हणाले. मला ते भाऊ म्हणतात, धाकट्याला शेठ. "भाऊ, हे पाणी आतमधी गेलं कसं?"

त्यांना उत्तर माहीत होतं. मलाही.

खंडेनवमीला भावाकडे सगळ्या यंत्रांची पूजा असते. जनरेटर, पीठ मळायचं मशीन, एवढंच काय, मांडववाल्यांची शिडीसुद्धा. बाबा आदल्या दिवशी ट्रॅक्टर उतारावर तिरपा उभा करतात आणि गाड्या धुवायच्या प्रेशरच्या पंपाने खालून, प्रत्येक पात्याच्या मुळाशी, चकचकीत होईपर्यंत पाणी मारतात. बेअरिंगच्या तोंडाला रबराची चकती असते; ती दवाला, शिंतोड्यांना पुरते. त्या फवाऱ्यापुढे ती काय टिकणार. वर्षभर ज्याने सांभाळलं, त्याला वर्षातून एकदा मनापासून न्हाऊ घालायचं आणि त्यातच त्याची हाडं कुजवायची, असं दरवर्षी चाललं होतं.

आणि पूजेवर मी दरवर्षी टोमणे मारतो. हळदीकुंकवाने इंजिनाला काय कळतं वगैरे. पण यंत्र स्वच्छ धुतलं पाहिजे, हे मात्र मला शास्त्रीय वाटायचं. बाबांना वाकवत नव्हतं म्हणून यंदा पाइपचं तोंड मीच धरलं होतं.

"शेठला सांगावं लागंल," बाबा म्हणाले.

"आधी चालू तर होऊ दे."

"चालू झाला तरी सांगावं लागंल ना."

मी उठलो, गवताला एक चक्कर मारली, परत आलो. बाबा तोवर सांडलेल्या गोळ्या वेचत होते.

गुरुवारी सहा कडी आणि तिन्ही शाफ्ट पिशवीत घालून मी बेअरिंगच्या दुकानात गेलो. दुकानदाराने एक कडं मोजलं, नवं बेअरिंग काढलं, माझा शाफ्ट त्यात घातला. तो आत खुळखुळला.

"काका, तुमचं मशीन इंचातलं आहे. पाऊण इंच. आमचा माल मिलिमीटरमधला. बाहेरून तंतोतंत बसेल, आतून एक मिलिमीटर ढिलं."

"इंचातलं मिळेल?"

"मागवता येईल. तीन आठवडे."

माझ्याकडे दोन दिवस होते. मी त्या मिलिमीटरकडे पाहत उभा राहिलो. एका माणसाचं गावाला जाणं न जाणं एवढ्याशा फटीवर यावं, याचा मला राग येत होता, आणि राग धरायला समोर कोणी नव्हतं. दुकानदारानेच वाट सांगितली: बेअरिंग शाफ्टला बसत नसेल तर शाफ्टच बेअरिंगला बसेल असा नवा करून घ्या. पाठीमागच्या गल्लीत लेथवाला आहे, तो लोखंड मापाने कातून देतो.

"बेअरिंगं आठ देऊ?"

"सहा पाहिजेत."

"स्वतः बसवणार ना? पहिल्यांदाच? आठ घ्या."

लेथवाला पन्नाशीचा, अबोल. त्याने जुने शाफ्ट मापून घेतले आणि शुक्रवारी दुपारचा वायदा दिला. शुक्रवारी मी अकरालाच हजर झालो. त्याच्या लेथवर दुसऱ्याच कोणाचं तरी काम चढलेलं होतं.

"बसा," तो म्हणाला.

"नको."

"मग फिरा. लेथला हात लावू नका."

मी फिरलो. गल्लीच्या या टोकाहून त्या टोकापर्यंत किती वेळा गेलो, ते चहावाल्याला माहीत असेल. बाबांचे दोन फोन आले. दोन्ही वेळा त्यांनी एवढंच विचारलं, "जेवले का?" शाफ्ट हातात पडले तेव्हा अडीच वाजले होते. अजून गरम होते.

परत येऊन पहिलं बेअरिंग मी हातोडीने ठोकून बसवलं. टोपातल्या खोबणीत घट्ट बसवायचं असेल तर बेअरिंगच्या बाहेरच्याच कड्यावर मारावं, आतल्यावर कधीही नाही. हे मी वाचलेलं होतं, पानाच्या कोणत्या बाजूला होतं तेही आठवतं. मी आतल्यावर मारलं. बोटाने फिरवून पाहिलं तर नवंकोरं बेअरिंग रवाळ फिरत होतं. दुकानदाराने आठ का दिली, ते मला कळलं.

बाबांनी हातोडी माझ्या हातातून काढून घेतली. ओढली नाही, काढून घेतली. "हे जुनं कडं वर ठेवायचं आन् त्याच्यावर मारायचं. बरोब्बर मापाचंच हाय की." बाकीची त्यांनी बसवली. मी टोप धरला.

आता शाफ्ट. लेथवाल्याने ते घट्ट मापाचे केले होते आणि सांगितलं होतं, जोर करू नका, गार करा; गार लोखंड कणभर आकसतं. भावाच्या स्वयंपाकघरात मोठा फ्रीझर आहे. मी तीन शाफ्ट पिशवीत गुंडाळून मटारांच्या शेजारी ठेवले. आचारी कमरेवर हात ठेवून बघत होता.

"सर, ह्याची उसळ करू का रस्सा?"

"तासाभराने काढायचेत."

"म्हणजे मुरवायचेत. सांगायचं ना तसं. रविवारी व्याह्यांच्या ताटात पहिला वाढतो."

त्या तासात मी चार वेळा फ्रीझर उघडला. पाचव्या वेळी त्याने झाकणावर कांद्याचं पोतं ठेवलं. शाफ्ट मात्र बाहेर आले ते ज्याच्या-त्याच्या जागी अलगद उतरले. बाबांनी एक पातं बोटाने ढकललं. ते फिरत राहिलं. आवाज नाही. आम्ही दोघं ते थांबेपर्यंत बघत बसलो आणि मग लगेच काळजीला लागलो, कारण हाताने फिरणं वेगळं आणि इंजिनावर फिरणं वेगळं.

शनिवारी साडेसातला भाऊ आला. बरोबर एजन्सीवाला, इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. टोप आम्ही रात्रीच परत टांगला होता, बाबा ट्रॅक्टरवर बसलेले होते. त्यांनी इंजिन चालू केलं, दांडी ओढून पाती इंजिनाला जोडली. मी कान देऊन उभा होतो. ट्रॅक्टर निघाला आणि मागे गवताचा एक सरळ, एकसारखा पट्टा पडत गेला. स्टेजपर्यंत जाऊन बाबा वळले, परत आले, थांबले.

भाऊ वाकून कापलेलं गवत पाहत होता. "दादा, मानलं. पण गेली कशाने बेअरिंगं?"

"जुनी झाली होती," मी म्हणालो.

"जुनी नाय," बाबा वरूनच म्हणाले. इंजिन चालू असल्यामुळे त्यांना ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे एजन्सीवाल्यानेही ऐकलं. "पाण्यानं गेली, शेठ. खंडेनवमीला मी पाणी मारतो ना. दरसाल मीच मारतो."

"यंदा पाइप माझ्या हातात होता," मी म्हणालो.

भाऊ आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. मग टोपाकडे. दरवर्षी नारळ तो स्वतः त्याच टोपावर फोडतो, पाणी वर शिंपडतो आणि फोटो काढून घेतो. ते त्याला आठवलं की नाही, मला सांगता येत नाही. तो एवढंच म्हणाला, "मारत जाऊ नका आता. फडक्याने पुसा."

एजन्सीवाल्याने फाइल उघडली. "मग सर, आपलं कसं?"

"हा सीझन होऊ दे," भाऊ म्हणाला. "नंतर बघू."

दोघं चहाला गेले. बाबा तसेच बसून होते. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"भाऊ, सीझन कधी संपतो?"

"मुहूर्त जूनपर्यंत असतात."

त्यांनी हिशेब केला. "मग पावसाळा लागंल. पावसाळ्यात तर गवत लय माजतं. तवा कसं काढतील?"

'नंतर बघू' म्हणताना भावाच्या मनात शालच असते, हे मला माहीत आहे. बाबांनी पाती जोडली आणि उरलेल्या गवताकडे निघाले. मी बाजूने चालत राहिलो, टोपाकडे कान करून.